विंगेतला गळा

परवा नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन पाहून आले आणि एक जुनी बोच पुन्हा जागी झाली. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पोलिओने पाय अधू झालेला एक मुलगा होता. गळा फार गोड. संमेलनात त्याला गायला दिलं, पण विंगेत बसवून! स्टेजवर ओठ हलवले दुसऱ्याच, ‘दिसायला बऱ्या’ मुलाने. त्याला विंगेत बसवणारी मीच. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

ते उमगलं पुष्कळ उशिरा, आनंदवनाच्या ‘स्वरानंदवन’चा कार्यक्रम पाहिला तेव्हा.

आनंदवनाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. १९५१ साली बाबा आमटे सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर राहायला गेले. सुरुवातीला तिथली भाजी कुणी विकत घेईना, कारण ती ‘त्या’ हातांनी लावलेली! पुढे परदेशातून स्वयंसेवक आले, रुग्णांबरोबर राबले, त्यांच्याबरोबर जेवले. ते पाहून गावकऱ्यांची भीड हळूहळू चेपली. इतकी वर्षं उपदेशाने जे झालं नसतं ते पंगतीने झालं.

नंतर तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, अपंगांना हाताला काम शिकवणारं संधिनिकेतन झालं. नाना तऱ्हेच्या अडचणी असलेली माणसं एका आवारात नांदू लागली. २००२ साली डॉ. विकास आमटे यांनी त्यांच्यातूनच हा वाद्यवृंद उभा केला. म्हणजे ही माणसं आधी शेजारी होती, कलाकार मागाहून झाली. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. कारण बघा, अंधाला खूण दिसत नाही आणि बहिऱ्याला हाक ऐकू येत नाही. एकाने गायचं आणि दुसऱ्याने त्यावर नाचायचं, तर ताल हाताने दाखवणारा तिसरा हवाच. एकमेकांची सवय असल्याशिवाय हे जमायचं नाही.

आणि ज्यांची भाजीसुद्धा नको होती, त्यांचं गाणं ऐकायला लोक गर्दी करू लागले. कायद्याला मात्र घाई नव्हती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून विवाहाच्या कायद्यांत होतं, ते काढलं गेलं २०१९ मध्ये. तोवर स्वरानंदवन सुरू होऊन सतरा वर्षं लोटली होती!

माझा तो विद्यार्थी आता पन्नाशीला टेकला असेल. त्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही. भेटला तर काय बोलायचं, तेही अजून सुचलेलं नाही. नातीच्या बाईंना मात्र निघताना एवढं म्हणाले, “गाणारा कसाही असो, त्याला पुढे बसवा हं.”