तळटीप १ : ‘हस्तलिखित’
१. हस्तलिखित : येथे प्राचीन पोथी असा अर्थ नसून, स्वातंत्र्याच्या आगेमागे महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांतून विद्यार्थी स्वतः लिहून, चित्रे रंगवून व पुठ्ठ्यात बांधून जे अंक सिद्ध करीत, ते लेखकास अभिप्रेत आहेत. ज्याचे अक्षर मोत्यासारखे, त्याच्या हाती टाक-दौत सोपवून सर्वांचे लेख उतरवून घेतले जात. आणि प्रत एकच असल्यामुळे वाचनालयातील मेजावर ठेवलेल्या त्या अंकाभोवती मुलांची दाटी होई. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळी शिक्षक असताना साने गुरुजींनी तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वहस्ते लिहून काढले, हे या परंपरेचे उज्ज्वल उदाहरण होय. वक्तृत्वसभा, स्नेहसंमेलनातील नाटक, बालवीर-पथक व १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना हे स्वातंत्र्याच्या आगेमागच्या काळचे इतर शालेय उपक्रम. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) अशा उपक्रमांस शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले खरे. परंतु त्यापूर्वीच, कोणत्याही सरकारी हुकुमाची वाट न पाहता, वर्गणी गोळा करून, तिचा जमाखर्च वहीत मांडून आणि सभेचा वृत्तांत पुढील सभेत वाचून मंजूर करून घेऊन, मुले लोकशाही व्यवहाराचे पहिले धडे गिरवीत होती. शाळांच्या जुन्या कपाटांत असे अंक अद्याप असतील, तर ते दप्तराइतक्याच काळजीने जतन केले जावेत.
— संपादक