सहाण, डबा आणि एक मिनिट

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात दोन सहाणी होत्या. एक देवाच्या चंदनाची, दुसरी बाळगुटीची. दुसरीला हात लावायचा मान फक्त आजीचा. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, काकडशिंगी, ज्येष्ठमध, अतिविष, प्रत्येकाचे वळसे ठरलेले. बाळ खोकलं की काकडशिंगी आणि ज्येष्ठमधाचे दोन वळसे जास्त. बाकीच्या वस्तू गोलबाजारातून यायच्या, अतिविष मात्र नागपूरहून मामा आणायचे, कारण आजीच्या मते इथला पसारी काहीही गळ्यात मारतो.

नागपूरची ही ओढ जुनीच. 1741 साली नागपूरच्या भोसल्यांचे भास्करपंत छत्तीसगडातल्या रतनपुरावर आले, पुढे 1758 ते 1787 बिंबाजी भोसल्यांनी तिथून राज्य केलं. 1818 नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कारभार रायपूरला हलला. 'पारा' हा शब्द इथलाच, म्हणजे वस्ती. तिच्यात आमच्यासारख्या मराठी घरांनी सहाण, पुरण आणि गणपती आणले, आणि रोगांची नावंही.

मराठीत बाळाच्या न्यूमोनियाला आम्ही 'डबा' म्हणायचो: बाळाला डबा झालाय. भांडी घासायला येणारी बाई म्हणायची, 'लइका के पसली चलत हे.' दोन्हींचा अर्थ एकच, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय. मला तिचा शब्द जास्त आवडतो. आमचा नुसतं नाव सांगतो, तिचा काय बघायचं ते दाखवतो.

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता, 1962 चा हिवाळा. आजीनं तव्यावर ओवा भाजला, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मग त्याच्या छातीवर ठेवली. दोन रात्री असंच चाललं. तिसऱ्या रात्री तिनं पुरचुंडी बाजूला ठेवली, कंदील जवळ आणला आणि त्याचा अंगरखा वर केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग वडिलांना म्हणाली, "रिक्षा बोलव. हे आता माझ्या हातचं नाही." सरकारी दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. भाऊ आता भिलाईतून निवृत्त झालाय आणि अजून ओव्याचा वास आला की नाक मुरडतो.

त्या भांडीवाल्या बाईच्या पोटावर मात्र गोल डागांची रांग होती. लहानपणी 'पसली' झाली म्हणून तापलेल्या सळईनं डागलं होतं. मेळघाटात यालाच डंबा देणं म्हणतात. 2023 साली मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुली अशाच डागल्या गेल्या आणि दगावल्या. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे डागही मोजावेत.

मोजण्यावरून आठवलं. आमच्या छत्तीसगडाला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना बाळाचा श्वास मोजायला आणि न्यूमोनियाची औषधं द्यायला शिकवलं. अंक न येणाऱ्यांसाठी त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, ही सोय असलेल्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी होते. आजीनं हा मण्यांचा खेळ पाहिला असता, तर कंदील खाली ठेवून तिनं तो मागून घेतला असता.

आता सहाणेची जागा बाटलीनं घेतलीय, आणि बाटलीवर आमचा भलताच विश्वास. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं 14 रुग्ण गेले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. तेच विष 2025 साली छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघालं. वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, त्यांतली बरीच नागपूरला उपचार चालू असताना. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारनं सांगितलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची ही औषधं देऊ नका, आणि पाचाच्या आतही सहसा नकोत.

मी नातवाला गुटी दिली नाही. मुळी खरी कोणती हे मला आजीसारखं कळत नाही, आणि सहाण किती स्वच्छ असते हे मला चांगलं ठाऊक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही आणि छातीला कापूर नाही, हे सुनेला दोनदा सांगितलं. कंदील मात्र मी ठेवलाय, मोबाइलचा.

तुमच्या घरी बाळ खोकत असेल तर ते शांत असताना अंगरखा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे 50 किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडताना दिसला, तर सकाळची वाट बघू नका. रिक्षा बोलवा.