दिव्याचीं भुतें

रात्रीच्या फोटोंत दिव्यासमोरच्या काळोखांत जे फिक्कट ठिपके उमटतात, तीं भिंगाचींच भुतें होत. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेंकडा सुमारें ४ प्रकाश मागें परततो, आंतल्या आंत भटकतो आणि अखेर चित्रावर येऊन पडतो. दिवसा तें फारसें जाणवत नाहीं. रात्रीं एकच दिवा सारें काम बिघडवितो.

१९२४ सालीं पॅरिसला आलेल्या ब्रासाईपुढें हें संकट दुहेरी होतें, कारण त्याच्या काचेच्या प्लेटींच्या पाठीवरूनही उजेड उलटे. दिवा झाडाच्या बुंध्याआड किंवा भिंतीआड जाईल अशी जागा तो शोधी. धुकें व पाऊस यांना तर तो मित्रच मानी, कारण त्यांनीं दिव्याची प्रखरता निवते. कोणी म्हणेल, ही लपवाछपवी झाली. मला ती पाहण्याची शिस्त वाटते.

खरा उपाय मात्र मळानें सुचविला! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत डेनिस टेलर यांना आढळलें कीं, जुनीं, काळवंडलेलीं भिंगें नव्यांहून अधिक प्रकाश आंत सोडतात. आपण मात्र भिंग घासून लखलखीत करण्यांतच धन्यता मानतों! १९३५ सालीं झाइस कारखान्यांतील स्माकुला यांनीं निर्वात पात्रांत काचेवर अतिशय पातळ लेप चढविण्याची रीत काढली. लेपाच्या दोन्ही बाजूंनीं परतणाऱ्या लहरी एकमेकींस मारतात. जर्मन सैन्यानें ही रीत कित्येक वर्षें गुप्त ठेविली.

आज बहुतेक सर्व भिंगांवर असे लेप असतात. तरीही चौकटींत रस्त्यावरचा दिवा आला, कीं समोरच्या काळोखांत त्याचें भूत उमटतेंच. मग पुन्हां झाडाचा बुंधा शोधावा लागतो.