कांगा लीगच्या नावातला डॉक्टर

मृग बरसला की आमच्या लातूर-नांदेडकडचं क्रिकेट आवरतं. काळी माती चपलेला ढेकळांनी चिकटते, चेंडू पडेल तिथंच रुततो आणि खेड्यातली पोरं पेरणीला लागतात. मुंबईची मैदानं मात्र ऐन पावसाळ्यात भरतात, ती कांगा लीगसाठी.

भर पावसात खेळायची ही रीत १९४८ पासूनची. खेळपट्टी उघडी, ओली. चेंडू कधी अडकून येतो, कधी अंगावर उसळतो. गवत एवढं माजलेलं की जमिनीलगतचा फटका वाटेतच थांबतो, धावा हव्या तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. गावसकर, तेंडुलकर याच चिखलात खेळले.

लीगला नाव आहे डॉ. होरमसजी कांगा यांचं. पेशानं डॉक्टर, खेळानं फलंदाज. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात पळवणकर बाळूंच्या बरोबरीनं ते होते.

डॉक्टरकी आणि क्रिकेट एकत्र नांदवणारं हे कूळ कांगांच्याही आधीचं. डॉ. मेहेलाशा पावरी १८६६ साली नवसारीला जन्मले. १८८८ च्या पारशी संघाच्या इंग्लंड दौऱ्यात या वेगवान गोलंदाजानं १७० बळी घेतले. १८९० मध्ये मुंबईत पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला चार गडी राखून हरवलं. त्या संघाचा भारतातला हा एकच पराभव, आणि तो घडवला मुख्यतः पावरींच्या गोलंदाजीनं. पुढं वैद्यकी शिकायला ते इंग्लंडला गेले, पण चेंडू सुटला नाही. १८९५ मध्ये ते मिडलसेक्स काउंटीकडून खेळले. परतल्यावर मुंबईत दवाखाना चालवला आणि १९०१ मध्ये पारशी क्रिकेटवर पुस्तकही लिहिलं. तिकडं डब्ल्यू. जी. ग्रेस १८७९ मध्ये डॉक्टर झाल्यावरही खेळतच राहिले होते. पावरींना लोक पारशांचे ग्रेस म्हणत.

आज लातूर-नांदेडच्या शिकवण्यांना गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला येतात. येताना कुणी बॅटही आणतो. ती खोलीत पलंगाखाली जाते आणि घरून फोनवर बजावलं जातं, ‘आधी नीट, मग खेळ.’ काळजी खरी आहे, पैसाही घामाचा आहे. पण पावरी-कांगांनी एकासाठी दुसरं सोडलं नाही. कांगांचं नाव तर आजही दरवर्षी पावसाबरोबर मैदानात उतरतं. रविवारची चाचणी संपली की पलंगाखालची ती बॅट तासभर तरी बाहेर निघू द्या.