खेळाडूच्या मुखाचें रक्षण

१६५९ सालीं अफजलखान विजापुराहून शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हां वाटेंत त्यानें तुळजापुरास उपद्रव दिला, असें बखरकार सांगतात. पुढें १० नोव्हेंबर रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जी भेट झाली, ती मराठी मुलांना तोंडपाठ असते. त्या भेटींतील वाघनखें सर्वांच्या ध्यानांत राहतात. मंदिलाखालचा पोलादी टोप मात्र फारसा कोणाला आठवत नाहीं. वस्तुतः त्या दिवशीं महाराजांच्या मस्तकावर तरवारीचा वार झाला होता. तो कोणीं केला याविषयीं साधनांत एकवाक्यता नाहीं. पण टोप नसता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता, हें कोणीही मान्य करील. डोक्यावर टोप व अंगांत चिलखत घातलें म्हणून महाराजांस कोणीं भित्रें म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

रणांगणावर जें शहाणपण ठरतें, तेंच क्रीडांगणावर भित्रेपणा कां ठरावें? गेलीं शंभर वर्षें हा प्रश्न निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या खेळांत उपस्थित झाला आहे. कानडा देशांत बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांनीं संपूर्ण चेहरा झांकणारी जाळी वापरावी कीं नाहीं, याचा वाद अजून चालू आहे. आपल्याकडे बर्फ नाहीं. पण वाद आहे, आणि तो क्रिकेटच्या मैदानावर रक्त सांडूनच सुरू झाला.

जुन्या हिंदी टोपांची रचना येथें लक्षांत घेण्याजोगी आहे. युरोपांतील सरदार लढाईंत सबंध तोंड लोखंडी पडद्याआड झांकून घेत. आपल्याकडील टोपाला मानेवर व कानांवर रुळणारी कड्यांची जाळी असे, आणि पुढें नाकावर खालींवर सरकणारी एक उभी पट्टी. बाकी मुख मोकळें. येथलें ऊन, घोडदौडींतला श्वास आणि चोहोंकडे नजर ठेवण्याची गरज पाहतां हें युक्तच होतें. किती झांकावें आणि किती उघडें ठेवावें, हा हिशेब त्या कारागिरांनींही केला होता.

आतां १९६२ च्या मार्च महिन्याकडे वळूं. हिंदी संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. नायक नरी कॉन्ट्रॅक्टर हे नुकतेच अठ्ठावीस वर्षांचे झाले होते. ब्रिजटाउन येथें बार्बेडोस संघाशीं सामना चालू असतां चार्ली ग्रिफिथ हा धिप्पाड गोलंदाज चेंडू टाकीत होता. त्याच सुमारास पॅव्हिलियनमध्यें कोणीं तरी एक खिडकी उघडली. कॉन्ट्रॅक्टर यांचें लक्ष क्षणभर विचलित झालें, आणि चेंडू उजव्या कानाच्या वर, कवटीवर बसला. डोक्यावर कांहीं नव्हतें. त्या काळीं कोणाच्याच डोक्यावर नसे. रात्रीं प्रकृति ढासळली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, रक्ताची गरज पडली. तें देण्यास प्रतिपक्षाचे नायक फ्रँक वॉरेल पुढें आले; आपल्या संघांतील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर यांनींही रक्त दिलें. वॉरेल यांच्या त्या औदार्याची आठवण म्हणून बंगालच्या क्रिकेट संघटनेनें १९८१ पासून रक्तदानाचा दिवस पाळण्यास आरंभ केला. कॉन्ट्रॅक्टर वांचले. पुढें त्यांच्या कवटींत धातूचा पत्रा बसविण्यांत आला. ते पुन्हां प्रथम श्रेणीचे सामने खेळले, हें त्यांच्या धैर्याचें द्योतक होय. पण कसोटी सामन्यांत त्यांना पुन्हां कधीं स्थान मिळालें नाहीं. तो पत्रा काढण्यास २०२२ साल उजाडलें.

ब्रिजटाउनच्या त्याच सामन्यांत विजय मांजरेकर यांच्याही नाकावर चेंडू बसला. एका सामन्यांत एकाची कवटी फुटावी, दुसऱ्याचें नाक फुटावें, आणि तरीही शिरस्त्राणाचा विचार कोणाला सुचूं नये, याचें आज आश्चर्य वाटतें. पण त्या काळची विचारसरणी निराळी होती. कॉन्ट्रॅक्टर यांच्या जागीं एकवीस वर्षांचे पतौडीचे नवाब नायक झाले. त्यांचा उजवा डोळा आदल्याच वर्षीं मोटार-अपघातांत जवळजवळ निकामी झालेला होता. एका डोळ्यानें जलद गोलंदाजी खेळणाऱ्या नायकाच्या संघांत टोपाची मागणी कोण करणार?

दुसरेंही एक कारण होतें. आपल्या देशांतील खेळपट्ट्या संथ, आणि आपली मदार फिरकी गोलंदाजीवर. घरच्या मैदानावर चेंडू कानाशीं क्वचितच येई. मुंबईच्या कांगा लीगमध्यें भर पावसाळ्यांत ओल्या खेळपट्टीवर चेंडू अंगावर उसळे खरा, पण त्याचा वेग बार्बेडोसचा नव्हे. संकट परदेशांत भेटे आणि दौरा संपला कीं विसरलें जाई.

तें पुन्हां भेटलें १९७६ सालीं, किंग्स्टन येथें. हा सामना आपल्या क्रिकेटच्या इतिहासांत रक्तरंजित म्हणून नोंदला गेला आहे. बडोद्याचे अंशुमान गायकवाड हे सलामीस येऊन तासन् तास चेंडू अंगावर झेलीत उभे राहिले. ८१ धांवांवर असतां मायकेल होल्डिंगचा चेंडू त्यांच्या डाव्या कानावर बसला व त्यांना इस्पितळांत न्यावें लागलें. ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू लागून ओठास टांके घालावे लागले. विश्वनाथ यांचें बोट मोडलें. नायक बिशनसिंग बेदी यांनीं पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडून दिला. दुसऱ्या डावांत ९७ धांवांवर पांच गडी बाद झाले असतां फलंदाजीस येण्याजोगा कोणी उरलाच नव्हता. कान, ओठ, हात असा हा घावांचा हिशेब. यांतील पहिले दोन घाव आजच्या टोपानें व जाळीनें बव्हंशीं टळले असते. गायकवाड यांचें शौर्य त्यामुळें यत्किंचितही कमी झालें असतें, असें म्हणण्यास मात्र कांहींच आधार नाहीं. याच गायकवाडांनीं पुढें १९८३ सालीं पाकिस्तानाविरुद्ध द्विशतक काढलें.

इंग्लंडमध्यें पॅट्सी हेन्ड्रेन यानें १९३३ सालींच कानांवर पट्ट्या असलेली, रबराचें अस्तर लावलेली टोपी घालून पाहिली होती. लोकांनीं ती गंमत म्हणून सोडून दिली. पुढें १९७७ सालीं डेनिस अॅमिस यानें मोटारसायकलवाल्यासारखा टोप घातला. आणि १९७८ च्या मार्चमध्यें ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप हा कसोटी सामन्यांत शिरस्त्राण घालून उतरला. स्थळ तेंच, ब्रिजटाउन. सोळा वर्षांपूर्वीं जेथें कॉन्ट्रॅक्टर कोसळले, तेथेंच यॅलपची हुर्यो उडविण्यांत आली.

आपल्याकडे सुनील गावसकर यांनीं मधला मार्ग काढला. १९८३ सालीं जॉर्जटाउन येथें माल्कम मार्शलचा चेंडू त्यांच्या कपाळावर आदळला. तरीही त्यांनीं त्या डावांत नाबाद १४७ धांवा केल्या. त्यानंतर टोपीखालीं बसणारें एक हलकें कवच ते घालूं लागले. कपाळ व कानशिलें झांकलीं, चेहरा मोकळा. मराठी टोपाच्या कारागिरास हा तोडगा खचित आवडला असता. परंतु गावसकरांसारखी नजर आणि पायांची ठेवण किती जणांस लाभते? व्हिव्ह रिचर्ड्स तर शेवटपर्यंत टोपाशिवाय खेळला. असामान्य पुरुषांचीं उदाहरणें सामान्यांना नियम म्हणून घालून देण्यांत अर्थ नाहीं.

बर्फावरील हॉकीचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तेथें रबराची कठीण चकती क्रिकेटच्या चेंडूहूनही वेगानें येऊं शकते. १९३० सालीं क्लिंट बेनेडिक्ट या गोलरक्षकानें चामड्याचा मुखवटा थोडे दिवस वापरला. पुढें १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें माँट्रिअलचा गोलरक्षक झाक प्लांट याच्या चेहऱ्यावर चकती बसली. टांके घातल्यावर, मुखवट्याशिवाय परत जाणार नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें. त्याचे शिक्षक टो ब्लेक यांचा मुखवट्यास विरोध होता. पण दुसरा गोलरक्षक हाताशीं नव्हता, म्हणून त्यांनीं मान तुकविली. पुढें त्याचा संघ मुखवट्यासह जिंकत गेला, तेव्हां ‘याला चकती दिसणार नाहीं’ हा आक्षेप आपोआप गळून पडला. इतर खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचें होण्यास मात्र १९७९ साल उजाडावें लागलें, आणि तेंही केवळ नव्या खेळाडूंस. मध्यंतरीं, १९६८ सालीं, बिल मास्टरटन हा खेळाडू बर्फावर डोकें आपटून मरण पावला होता. डोळ्यांपुढची अर्धी कांच नव्या खेळाडूंना २०१३ पासून सक्तीची झाली. म्हणजे डोळे झांकले. जबडा आणि दांत अद्याप उघडेच. विद्यापीठांच्या सामन्यांत मात्र पूर्ण जाळी कित्येक वर्षें सक्तीची आहे. एकाच देशांत विद्यार्थ्याचे दांत मोलाचे आणि धंदेवाईकाचे खुशीचे, असा हा विचित्र न्याय आहे.

पूर्ण जाळीविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. एक, चेहरा सुरक्षित झाला कीं खेळाडू बेफाम होतो व दुसऱ्यावर काठी उगारण्यास कचरत नाहीं. दुसरा, चेहऱ्याचें संकट मानेवर जातें. पहिला अगदींच पोकळ नाहीं. पण त्यावरचा उपाय पंचाच्या शिट्टींत आहे. खेळाडूचा ओठ उघडा टाकण्यांत नाहीं. दुसऱ्याची पारख कानडांतील वैद्यांनीं विद्यापीठांच्या संघांवर केली. पूर्ण व अर्धें आवरण घालणाऱ्यांची तुलना करून १९९९ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा कीं, पूर्ण आवरणानें चेहऱ्याच्या व दांतांच्या जखमा पुष्कळ कमी होतात, आणि मानेच्या दुखापती कांहीं वाढत नाहींत.

पुन्हां घराकडे येऊं. सक्तीचा प्रश्न महाराष्ट्रांत क्रिकेटपेक्षां दुचाकीच्या निमित्तानें अधिक गाजला. २०१९ च्या जानेवारींत पुण्यांत पोलिसांनीं शिरस्त्राणाची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हां सुशिक्षित नागरिकांनींच मोर्चा काढला. ज्या शहरानें पागोट्याचा अभिमान बाळगला, त्यानें टोपाचा इतका राग करावा, हें नवलच. तथापि रस्त्यावरच्या नागरिकाचा युक्तिवाद खेळाडूस लागू पडत नाहीं. खेळाडू नियम मान्य करूनच मैदानांत उतरतो. बॅटची रुंदी व चेंडूचें वजन जर नियमानें ठरतें, तर टोप कां ठरूं नये?

स्वेच्छेवर सोडल्यानें काय होतें, याचें सर्वांत दुःखद उदाहरण दिल्लीच्या रमण लांबा यांचें. फेब्रुवारी १९९८ मध्यें ढाका येथें ते फलंदाजाच्या अगदीं जवळ क्षेत्ररक्षणास उभे राहिले. टोप मागवावा काय, असें विचारण्यांत आलें. षट्कांतले तीनच चेंडू उरले आहेत, म्हणून त्यांनीं नको म्हटलें. चेंडू कपाळावर आदळला, आणि तीन दिवसांनीं त्यांचें निधन झालें. त्याच ढाक्यांत २००० सालीं यष्टिरक्षक सबा करीम यांच्या उजव्या डोळ्यावर अनिल कुंबळे यांचा चेंडू उडून बसला. त्यांची कारकीर्द त्यानंतर लवकरच संपली. कुंबळे फिरकी गोलंदाज होते, हें ध्यानांत ठेवावें.

जाळीही निर्दोष नसते. २०१४ सालीं मँचेस्टर येथें वरुण आरोन याचा चेंडू टोपाचें झांपण व जाळी यांमधल्या फटींतून आंत शिरला आणि स्टुअर्ट ब्रॉडचें नाक मोडलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत सिडनी येथें फिलिप ह्यूज याला टोप असूनही मानेवर, टोपाच्या खालीं, चेंडू लागला. दोन दिवसांनीं तो वारला. जुन्या टोपांना मानेवर कड्यांची जाळी कां असे, याचें उत्तर त्या दिवशीं मिळालें. त्यानंतर मानेचें कवच पुढें आलें. ऑस्ट्रेलियानें तें ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या खेळाडूंस सक्तीचें केलें. त्याआधीं १ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय मंडळानें तीन जणांस शिरस्त्राण आवश्यक ठरविलें: जलद गोलंदाजीपुढचा फलंदाज, यष्टींजवळ उभा राहणारा यष्टिरक्षक, आणि फलंदाजाच्या पुढें जवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक. कॉन्ट्रॅक्टर यांच्या घातापासून एकसष्ट वर्षांनीं.

हा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आहे. उमरगा, कळंब किंवा परंडा येथील मैदानावर तो आपोआप पोंचत नाहीं. धाराशिव जिल्ह्याची कीर्ति मुख्यतः खो-खोची. सारिका काळे हिला २०२० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला तोही त्याच खेळासाठीं, आणि त्या खेळास टोप लागत नाहीं. पण कातडी चेंडूचें क्रिकेट गांवोगांव पसरलें आहे. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. डोक्यावरचा टोप नकोसा होणें स्वाभाविक आहे. शिवाय पुष्कळ ठिकाणीं एकच टोप आळीपाळीनें साऱ्या मुलांच्या डोक्यावर चढतो, कोणाला घट्ट, कोणाला सैल.

येथें एक बारकावा पालकांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत घ्यावा. मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. तेरा वर्षांखालील मुलांचा सुमारें १४२ ग्रॅमचा, आणि आकारानेंही लहान. मोठ्या चेंडूस अडविणाऱ्या फटींतून लहान चेंडू आंत जाऊं शकतो. म्हणूनच २०१३ सालच्या ब्रिटिश प्रमाणांत मुलांच्या टोपाची परीक्षा मुलांच्या चेंडूनें वेगळी घेतली जाते. कोणता टोप कोणत्या चेंडूसाठीं तपासला आहे, हें त्यावरच्या पट्टीवर पाहून घ्यावें.