हातभर जहाज आणि शहापूर-मुरबाडचे रान

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांना समुद्र नाही. माहुलीचा किल्ला, माळशेज आणि नाणेघाटाच्या वाटा, भात-नागलीची शेती आणि साग-ऐनाची राने ही या मुलखाची ओळख. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उत्तनसारखा थोडा किनारा वगळता ठाणे जिल्ह्याच्या वाट्यालाही खुला समुद्र फारसा उरला नाही. अशा भागात राहून जहाजांच्या प्रतिकृती घडविण्याच्या छंदाविषयी लिहिणे काही वाचकांस विसंगत वाटेल. परंतु लाकडी जहाज समुद्रावर तरंगण्यापूर्वी अनेक वर्षे रानात उभे असते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या छंदाचे आणि या मुलखाचे नाते उमगू लागते.

प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खेळण्यातील होडी यांत फरक आहे. होडी पाण्यावर तरंगली की मुलाचे समाधान होते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग एकाच मापाने लहान करावा लागतो. पाव इंचास एक फूट हे या कलेतील एक रूढ प्रमाण आहे, म्हणजे मूळ जहाजाचा अठ्ठेचाळिसावा भाग. दीडशे फुटांचे जहाज या मापाने सुमारे साडेसदतीस इंचांचे होते. तळाचा कणा, त्यावरच्या फासळ्या, फासळ्यांवर चढविलेल्या फळ्या, डोलकाठ्या, शिडे, दोर आणि सुकाणू ही सर्व त्याच हिशेबाने, आणि मूळ जहाज ज्या क्रमाने बांधले गेले त्याच क्रमाने घडवावयाची. हे मापाचे भान आपणां ख्रिस्ती लोकांस अपरिचित नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या तारवाची मापे दिली आहेत: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. एखाद्या मुलाने तीस अंगुळे लांब, पाच अंगुळे रुंद आणि तीन अंगुळे उंच असे तारू केले, तर ते त्या वर्णनाची प्रमाणबद्ध प्रतिकृतीच ठरेल.

आता आपल्या मुलखाकडे वळू. मुरबाडहून नाणेघाट चढून जाणाऱ्यास तेथील लेणे आणि दगडी रांजण ठाऊक असतो. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल याच वाटेने घाटावर चढत असे. त्याच घराण्यातील यज्ञश्री सातकर्णी या राजाच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आहे. बोटाच्या पेराएवढी ही आकृती म्हणजे जहाजाचे लहानात लहान रूप. पुढे शिलाहारांच्या काळाकडे यावे, तर बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर आरमारी युद्ध कोरलेले दिसते. उंच नाळेची जहाजे, डोलकाठी आणि ओळीने बसलेले वल्हेकरी त्या दगडांत स्पष्ट आहेत. त्या काळचे एकही लाकडी जहाज आज उभे नाही. दगडावरील ही लहान जहाजे मात्र राहिली.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच माहुलीचा किल्लाही त्यांच्या हाती आला. त्यानंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे उभी राहू लागली. ही जागा विचारपूर्वक निवडलेली होती. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू या नद्यांचे पाणी शेवटी उल्हास नदीतून कल्याणच्या खाडीस मिळते आणि या खाडीच्या पाठीशी सागाची राने पसरलेली होती. बंदर आणि लाकूड ही दोन्ही जवळ होती. उणीव होती ती मोठी लढाऊ जहाजे बांधण्याचा सराव असलेल्या कारागिरांची.

ती उणीव ज्यांनी काही काळ भरून काढली, त्यांची हकीकत आपल्या समाजाने जाणून घ्यावी अशी आहे. रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा यांच्या हाताखाली सुमारे ३४० माणसे महाराजांच्या या कामावर होती, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. मराठ्यांचे आरमार उभे राहणे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस परवडणारे नव्हते. त्यांनी या लोकांस फितविले आणि १६५९ च्या सुमारास हे कारागीर काम टाकून निघून गेले. तरीही आरमार उभे राहिलेच, कारण एव्हाना काम पाहून शिकलेले स्थानिक हात तयार झाले होते. गुराब, गलबत, शिबाड, मचवा ही नावे पुढे दीडशे वर्षे या किनाऱ्यावर दुमदुमली. मात्र त्या काळातील मराठ्यांचे एकही लढाऊ जहाज आज पाहावयास मिळत नाही. सुताराचा नकाशा त्याच्या डोक्यात असे आणि तो त्याच्याबरोबरच गेला.

मुंबईच्या गोदीची गोष्ट याहून निराळी आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढील शतकाहून अधिक काळ सागवानी जहाजे बांधली. सागात तेल असते. त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजत नाहीत. इंग्लंडच्या ओक लाकडातील आम्ल मात्र लोखंड खाते. शिवाय येथील कारागीर फळीत फळी खाचेने बसवीत आणि सांध्यात राळ व कापूस भरीत. १८०५ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हातून ३६ तोफांची एक युद्धनौका पाण्यात उतरली आणि पुढे तिला ‘सालसेट’ हे नाव मिळाले. सालसेट म्हणजे आपली साष्टी. १८१० साली इंग्रज कवी बायरन याच नौकेतून कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला होता आणि ती नांगरून पडलेली असताना त्याने हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून पार केली. साष्टीच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांतील किती मुलांस ही गोष्ट ठाऊक असेल?

‘त्रिंकोमाली’ या नौकेची कथा तर प्रतिकृती करणाऱ्यांनी आवर्जून सांगावी अशी आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेतून निघाले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ती नौका अमेरिकन आरमाराच्या हाती पडली आणि नकाशेही गेले. दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबले. अखेर पारशी प्रथेप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून बांधणी सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईत पाण्यावर उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे डागडुजी करून जतन केलेली आहे. कागदावरील लहान जहाज हरवले तेव्हा गोदीतील मोठे जहाज अडून राहिले. प्रमाणबद्ध आराखड्याचे मोल याहून अधिक कसे सांगावे?

मात्र या वैभवाची किंमत रानांनी मोजली. मुंबईच्या गोदीस मलबार आणि गुजरातकडील साग येत असे. तो संपू लागला तेव्हा १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन याची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. जहाजांना साग पुरविणे हा त्यामागील हेतू होता. १८४७ साली मुंबई इलाख्यात डॉ. गिब्सन वनसंरक्षक झाले आणि १८७८ च्या कायद्याने राने सरकारी कुंपणाआड गेली. लोखंडी जहाजे आली आणि जहाजांसाठी सागाची मागणी ओसरली, पण कुंपण राहिले. वारली, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी यांस स्वतःच्या रानात काटकी मोडण्यासही परवानगी मागावी लागली. शहापूरच्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात, ही स्थिती आम्ही नित्य पाहतो. लाकूड असो वा पाणी, देणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून जहाजाच्या इतिहासात सुताराबरोबर रानातल्या माणसालाही जागा मिळावी, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभेस लहान जहाजांचे महत्त्व पूर्वीपासून कळलेले आहे. मंदिराच्या ज्या मध्यभागी आपण प्रार्थनेस बसतो, त्यास इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. जहाज या अर्थाच्या ‘नाविस’ या लॅटिन शब्दापासून तो आला आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील नोत्र-दाम द ला गार्द या मरियामातेच्या मंदिरात छतापासून जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत. वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी त्या वाहिल्या. वांद्र्याच्या मोतमाऊलीस मेणाचे हात, पाय आणि घरे वाहणाऱ्या आपल्या लोकांस ही भावना परकी वाटणार नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंच सैनिकांनी तर जेवणातील मांसाची हाडे घासून त्यांतून अप्रतिम जहाजे घडविली. त्यांतील अनेक आज संग्रहालयांत आहेत. तुरुंगातही ज्यांचे हात रिकामे राहिले नाहीत, अशा माणसांची ती साक्ष होय.

या छंदाची थोरवी एका माणसाच्या आयुष्यात विशेष दिसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जे. रिचर्ड स्टेफी नावाचे गृहस्थ विजेची कामे करीत आणि फावल्या वेळात जहाजांच्या प्रतिकृती घडवीत. समुद्रतळाशी सापडलेल्या जहाजांचे संशोधन करणारे जॉर्ज बास यांच्याशी त्यांनी संपर्क साधला. कुजलेल्या फळ्यांचे तुकडे पाहून मूळ जहाजाचा आकार कसा असेल, हे ते लहान प्रतिकृती जुळवून शोधू लागले. पुढे त्यांनी धंदा सोडला आणि सायप्रसजवळ सापडलेले इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक व्यापारी जहाज हजारो तुकड्यांतून पुन्हा उभे केले. लहान लाकडांवर जो धडा गिरवला होता, तोच त्यांनी खऱ्या लाकडांवर चालविला.

१९८६ साली अवर्षणामुळे गालील समुद्राचे पाणी ओसरले आणि दोघा कोळी भावांना चिखलात एक जुनी होडी दिसली. तिची बांधणी तपासण्यासाठी ज्यांस बोलावण्यात आले, त्यांत हेच स्टेफी होते. होडीचा उरलेला भाग सुमारे ८.२ मीटर लांब व २.३ मीटर रुंद आहे आणि ती प्रभू येशूच्या काळाच्या आसपासची आहे. लोक तिला ‘येशूची होडी’ म्हणतात. प्रभू तिच्यात बसले होते असे म्हणण्यास आधार नाही. पण पेत्र आणि आंद्रेया ज्या प्रकारच्या होडीतून जाळी टाकीत, ती कशी असेल हे आता आपण जाणतो. तिच्यात दहा-बारा प्रकारची लाकडे आहेत. मिळेल त्या तुकड्याने कोणीतरी तिची पुन्हा पुन्हा डागडुजी केली होती. गरीब कोळ्याचे सगळे जगणे त्या ठिगळांत दिसते.

आपल्या देशातही अशी एक घटना नुकतीच घडली. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रात एक जहाज आहे. त्यावरून फळ्या काथ्याने शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले. चित्रातून जहाजाची सर्व मापे मिळत नाहीत. म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये आधी त्याची लहान प्रतिकृती पाण्यात तपासली गेली. हातभर जहाजाने मोठ्या जहाजाचा मार्ग दाखविला.

शहापूर-मुरबाडच्या शाळांतून हे काम होऊ शकेल काय? आम्हांस ते अवघड वाटत नाही. एन.सी.सी.च्या नौसैनिक शिबिरात जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धा होते, तेव्हा या विषयास शालेय मान्यताही आहे. परदेशी बाल्सा लाकूड महाग पडते. परंतु सावंतवाडीची खेळणी ज्यापासून होतात तो पांगारा मऊ आणि हलका आहे. वखारीत पडलेले सागाचे तुकडे कण्यास आणि फळ्यांस पुरतात. डोलकाठीस बांबूची कामटी, शिडास जुने धोतर आणि दोरास सुती धागा चालतो. पातळ पट्टी पाण्यात भिजवून वाकविण्याचे कसब बुरूड आणि कातकरी घरांतील मुले लहानपणापासून पाहत असतात. आपल्या घरातील हे कौशल्य इतिहासाच्या तासाला उपयोगी पडते, हे त्या मुलांस कळणे हाच मोठा लाभ होय.

यात एक निकडही आहे. उत्तन, वसई, अर्नाळा येथील कोळीवाड्यांत लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत आणि नकाशावाचून होडी उभी करणारे सुतार आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या जवळचे माप त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी ते कोणीतरी उतरवून घेतले पाहिजे. किनाऱ्यावरील आणि रानातील धर्मग्रामांनी मिळून ही व्यवस्था करावी, अशी आमची सूचना आहे. मे महिन्याच्या सुट्टीत शहापूर-मुरबाडकडील आठ-दहा मुले किनाऱ्यावरील एखाद्या सुताराकडे आठवडाभर राहावीत. त्यांनी एक होडी फुटपट्टीने मोजून तिचा आराखडा वहीत उतरवावा आणि परत येऊन तिची प्रतिकृती करावी. तिच्याखाली एक पाटी असावी. तिच्यावर सुताराचे नाव असावे, प्रत्येक भागास कोणते लाकूड लागते ते मुलांच्या बोलीतील नावाने लिहावे आणि ते झाड आपल्या गावाच्या कोणत्या रानात उभे आहे, तेही लिहावे. अशी एक प्रतिकृती प्रत्येक शाळेत असली तरी पुष्कळ झाले. ज्या वाचकांस अशा सुतारांची माहिती आहे, त्यांनी ती आपल्या धर्मगुरूंकडे यंदाच्या सुट्टीपूर्वी पोहोचवावी, एवढीच आमची विनंती.