घोंगडीपासून हवेच्या गादीपर्यंत

मार्व्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी येते. इथल्या वाळूत चटईवरही रात्र निघते. हरिश्चंद्रगडावर, 1424 मीटर उंचीवर, पौषात तीच चटई निरुपयोगी ठरते. पाठीखालचा कातळ रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतो.

सह्याद्रीने यावर जुना उपाय शोधला होता: घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेला ताणा आणि हातमाग. लोकरीच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा थंडी रोखते. धनगरांच्या पिढ्या तिच्या भरवशावर माळावर झोपल्या.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात थर्म-अ-रेस्ट नावाच्या गादीने तेच तत्त्व नव्या रूपात आणले. हवाबंद कापडात फोम भरलेली ही गादी झडप उघडताच आपोआप फुगे. पुढे पिसे, कृत्रिम तंतू आणि उष्णता परावर्तित करणारे पडदे असलेल्या हलक्या गाद्या आल्या.

नुसती हवा भरलेली गादी थंडीत फसवते, कारण आत हवा फिरत राहते आणि ऊब जमिनीकडे नेते. म्हणून गादीची आर-व्हॅल्यू, म्हणजे ती उष्णता किती रोखते हे सांगणारा आकडा, पाहावी. 2018च्या एएसटीएम मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे ताडून पाहता येऊ लागले. सह्याद्रीच्या हिवाळ्याला साधारण 2 पुरते. हिमालयातल्या बर्फावर 5 किंवा त्याहून जास्त हवी.

दोन थरांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. त्यामुळे अनुभवी गिर्यारोहक बर्फावर हवेच्या गादीखाली फोमची पातळ मॅट अंथरतात. गादी पंक्चर झाली, तरी पाठीखाली एक थर उरतो.